खासगी चावडी

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मोबील शहराला लागून चिकसॉ नावाचं गाव आहे. १९४०च्या दशकात हे गाव अख्खंच्या अख्खं गल्फ शिपबिल्डिंग कॉर्पोरेशन या जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं होतं. घरं, रस्ते, गटारं, दुकानांचे गाळे सगळं कंपनीचं. टपाल कचेरीही कंपनीच्याच गाळ्यात. बंदोबस्ताला असलेला डेप्युटी शेरीफ नावाला सरकारी, पण पगार कंपनीचा. शेजारच्या हमरस्त्यावरून चालत येणाऱ्याला आपण कुणाच्या खासगी जागेत शिरलो आहोत हे कळायचंही नाही.

१९४३च्या डिसेंबरात टपाल कचेरीजवळच्या फुटपाथवर ग्रेस मार्श नावाची बाई ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची पत्रकं वाटत उभी होती. परवान्याशिवाय इथे काही वाटता येणार नाही, आणि परवाना तुम्हाला मिळणारही नाही, असं तिला सांगण्यात आलं. ती हलली नाही. तिला अटक झाली, मालकाने बजावूनही त्याच्या जागेत थांबल्याचा गुन्हा दाखल झाला आणि शिक्षाही झाली. खटला वर चढत चढत सर्वोच्च न्यायालयात पोचला.

साध्या सरकारी रस्त्यावर तिला असं अडवणं घटनाबाह्य ठरलं असतं, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. रस्ता मालकीचा असला की फरक पडतो का, एवढाच सवाल होता. ७ जानेवारी १९४६ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी मार्शबाईंच्या बाजूने कौल दिला. (नववे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन तेव्हा न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवरचा खटला चालवण्यात गुंतले होते.) निकाल लिहिणारे ह्यूगो ब्लॅक स्वतः अलाबामाचेच. मालक आपल्या फायद्यासाठी जागा जितकी लोकांना मोकळी करून देतो, तितके त्याचे मालकी हक्क तिथे येणाऱ्यांच्या हक्कांपुढे आखडत जातात, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा.

फेसबुक, यूट्यूब, एक्स यांच्यावर कुणाची पोस्ट उडाली, कुणाचं खातं बंद झालं की आज जे भांडण पेटतं, त्याचं बीज या फुटपाथवर आहे. जागा मालकाची, वर्दळ लोकांची. मग तिथे कुणी काय बोलायचं हे ठरवणार कोण? मालकाच्या मनमानीने गांजलेले लोक गेली कित्येक वर्षं चिकसॉच्या निकालाचा हवाला देत न्यायालयात जातात. आणि बहुतेक वेळा हात हलवत परत येतात.

त्याचं कारण मॉल. युद्धानंतर अमेरिकेतले बाजार शहराच्या पेठेतून उठून उपनगरांतल्या मोठमोठ्या मॉलमध्ये गेले, आणि पत्रकं वाटणारेही त्यांच्या मागोमाग गेले. १९६८ मध्ये पेनसिल्वेनियातल्या एका मॉलमध्ये कामगार संघटनेने केलेली निदर्शनं न्यायालयाने चिकसॉचाच दाखला देऊन कायदेशीर ठरवली. त्या निकालाला विरोध करणाऱ्यांत खुद्द ह्यूगो ब्लॅक होते! चिकसॉ हे गाव होतं, मॉल म्हणजे गाव नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पुढे तेच खरं ठरलं. १९७२ मध्ये पोर्टलँडच्या मॉलमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रकं वाटणारे हरले आणि १९७६ मध्ये न्यायालयाने १९६८चा निकाल मोडीतच काढला. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रुनयार्ड मॉलच्या खटल्यात एक फट तेवढी उघडी राहिली: एखाद्या राज्याची स्वतःची घटना जास्त उदार असेल, तर ते राज्य मॉलमालकाला लोकांचं बोलणं सोसायला लावू शकतं.

वर्तमानपत्रांचा निवाडा दरम्यान १९७४ मध्येच झाला होता. फ्लोरिडात १९१३चा एक कायदा होता. उमेदवारावर टीका छापली, तर त्याचं उत्तरही फुकट छापलं पाहिजे. पॅट टॉर्निलो या शिक्षक संघटनेच्या पुढाऱ्याने ‘मायामी हेरल्ड’विरुद्ध तो वापरून पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की काय छापायचं आणि काय नाही हे संपादक ठरवणार, सरकार नाही.

मग संगणकांवरचे चर्चेचे फळे आले. हे फळे गाव होते, मॉल होते, की वर्तमानपत्र? १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने कॉम्प्युसर्व्ह या कंपनीला पुस्तकांच्या दुकानदाराच्या रांगेत बसवलं. ती मजकुराकडे बघतच नव्हती, तेव्हा त्यातल्या बदनामीला ती जबाबदार नाही. तिची प्रतिस्पर्धी प्रॉडिजी वेगळ्या वळणाची होती. आयबीएम आणि सिअर्सने उभी केलेली ही सेवा कुटुंबवत्सल ग्राहकांसाठी होती. शिव्या गाळणारं सॉफ्टवेअर होतं, फळ्यांवर देखरेखीला माणसं होती. ऑक्टोबर १९९४ मध्ये तिच्या ‘मनी टॉक’ फळ्यावर कुणा अनामिकाने लिहिलं की स्ट्रॅटन ओकमाँट ही दलाली पेढी लबाडी करते. पेढीने २० कोटी डॉलरचा दावा ठोकला. मे १९९५ मध्ये न्यायाधीश म्हणाले, तुम्ही मजकूर चाळता, म्हणजे तुम्ही प्रकाशक. बदनामीची जबाबदारी तुमची.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की विपरीत अर्थ निघत होता. अंगण झाडणारा अडकला आणि उकिरडा होऊ देणारा सुटला.

या खटल्याची पुढची हकिगत मात्र फारशी कुणी सांगत नाही. स्ट्रॅटन ओकमाँट काही काळातच बंद पाडली गेली आणि तिच्या म्होरक्यांनी फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. लिओनार्डो डिकॅप्रिओचा ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ हा सिनेमा याच पेढीवर बेतलेला आहे. म्हणजे बदनामी म्हणून ज्याच्यावर बोट ठेवलं, ते मुळात बरंचसं खरं होतं. ‘खोटं दिसलं की काढून टाका’ असं कंपन्यांना बजावणाऱ्या प्रत्येक मंत्र्याने हा खटला एकदा वाचायला हरकत नाही.

प्रॉडिजीवरच्या निकालाची बातमी कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन खासदार ख्रिस कॉक्स यांनी विमानात वर्तमानपत्र चाळताना वाचली. ओरेगनचे डेमोक्रॅट रॉन वायडन यांना सोबत घेऊन त्यांनी एक कलम तयार केलं. लोकांनी लिहिलेल्या मजकुराचे प्रकाशक म्हणून संकेतस्थळांना धरायचं नाही, आणि आक्षेपार्ह वाटलेला मजकूर त्यांनी सद्हेतूने काढला तर त्याबद्दलही त्यांना कोर्टात खेचायचं नाही. इंटरनेटवरची अश्लीलता रोखू पाहणाऱ्या एका मोठ्या कायद्यात हे ‘कलम २३०’ घातलं गेलं. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी क्लिंटन यांनी सही केली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली अश्लीलतेची मुख्य कलमं रद्द केली. नवरदेव गेला, वऱ्हाडी राहिला! आज अब्जावधी डॉलरचे धंदे या उरलेल्या कलमावर उभे आहेत.

त्याची पहिली मोठी कसोटी एका अफवेने घेतली. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारतीत बॉम्बस्फोट झाला आणि १६८ माणसं मेली. सहाच दिवसांनी अमेरिका ऑनलाइनच्या फळ्यावर, या स्फोटाची टिंगल करणारे टी-शर्ट विकायला असल्याची जाहिरात झळकली. खाली सिएटलमधल्या एका गृहस्थाचं नाव आणि फोन नंबर. त्या बिचाऱ्याचा या प्रकाराशी काडीचा संबंध नव्हता. घरच्या फोनवरच त्याचा धंदा चाले, त्यामुळे नंबर बदलण्याचीही सोय नव्हती. शिव्याशाप आणि धमक्यांचे फोन जवळपास दर दोन मिनिटांनी येऊ लागले. कंपनीला सांगून तो एक जाहिरात काढून घेई, तोवर दुसरी लागे. ओक्लाहोमातल्या एका रेडिओ निवेदकाने तर ती जाहिरात प्रसारणात वाचून दाखवली. शेवटी त्या गृहस्थाच्या घरावर पोलिसांना नजर ठेवावी लागली.

त्याने कंपनीवर दावा लावला. सांगून, विनवूनही तुम्ही वेळेवर काही केलं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. १९९७च्या नोव्हेंबरात अपील न्यायालयाने कलम २३० दाखवून त्याला परत पाठवलं. झाडलोट करणाऱ्याला शिक्षा होऊ नये म्हणून केलेल्या कायद्याने झाडू हातात न धरणाऱ्यालाही तेवढंच अभय दिलं. जगभर वापरल्या जाणाऱ्या समाजमाध्यमांचा पाया या निकालाने घातला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

भारतात गाडी वेगळ्या रुळावरून गेली. डिसेंबर २००४ मध्ये बाझी डॉट कॉमवर कुणीतरी अश्लील चित्रफीत विकायला ठेवली, आणि अटक झाली ती संकेतस्थळाच्या प्रमुखाला. उद्योगजगत हादरलं. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा कलम ७९ सुधारून कंपन्यांना संरक्षण दिलं गेलं. पण त्याच दुरुस्तीतून कलम ६६अ आलं: ‘त्रासदायक’ वा ‘अपमानकारक’ मजकूर पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. जागेच्या मालकाला अभय आणि बोलणाऱ्याला कोठडी, असा तो सौदा होता.

तो कुणाला भोवणार हे पालघरमध्ये दिसलं. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी, बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, मुंबई बंद होती. हा बंद कशासाठी, अशा अर्थाची पोस्ट पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर टाकली. तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली. जमावाने मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला आणि पोलिसांनी अटक केली ती दोघी मुलींना. या प्रकरणावरून श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांनी ६६अ रद्द केलं. त्याच निकालात कलम ७९चाही अर्थ घट्ट बांधला गेला: न्यायालयाचा आदेश वा सरकारची अधिसूचना असेल तरच कंपनीवर मजकूर काढण्याचं बंधन.

या काळात कंपन्या आपल्याच तोऱ्यात होत्या. ट्विटरचा एक अधिकारी २०१२ मध्ये म्हणाला होता की अभिव्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांतले आम्ही जहाल. व्यवहारात मात्र प्रत्येक कंपनीची एक नियमपोथी होती, आणि ती कशीही फाटायची. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने नापाम बॉम्बने होरपळून, उघड्या अंगाने धावणाऱ्या व्हिएतनामी मुलीचं जगप्रसिद्ध छायाचित्र नग्नता म्हणून काढून टाकलं. नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी निषेध म्हणून ते टाकलं, तर त्यांचीही पोस्ट गेली. ‘आफ्टेनपोस्टेन’ दैनिकाच्या संपादकाने पहिल्या पानावर मार्क झुकरबर्ग यांना अनावृत पत्र लिहिलं तेव्हा कुठे चित्र परत आलं. तिकडे म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध विष ओकणाऱ्या पोस्ट मोकाट होत्या. २०१५च्या सुरुवातीला फेसबुककडे बर्मी भाषा वाचून तक्रारी तपासणारी अवघी दोन माणसं होती. इंग्रजीत नियम कितीही बारकाईने लिहिला, तरी गावाची भाषा कळणारा माणूस चौकीत नसेल तर त्याचा काय उपयोग?

धुळे जिल्ह्यात २०१८ मध्ये जे घडलं ते आणखी निराळं, कारण तिथे मालकालाच आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पासून सगळे निरोप कुलूपबंद केले होते. मधल्या कुणालाही, कंपनीलाही, ते वाचता येत नाहीत. २०१८च्या उन्हाळ्यात देशभर ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ अशा वावड्या फिरत होत्या. सोबत व्हिडिओ. त्यातला एक कराचीतल्या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला होता: मोटारसायकलवरचे दोघं मूल उचलतात, लगेच परत आणून ठेवतात आणि फलक दाखवतात. भारतात फिरताना फलकाचा शेवटचा तुकडा कापलेला होता.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. एका लहान मुलीशी त्यांच्यातलं कुणीतरी बोलल्याचं निमित्त झालं आणि जमाव जमला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारलं. त्याचंही चित्रण मोबाइलवर झालं आणि पुढे पाठवलं गेलं. त्याच दिवशी मालेगावात अशाच संशयावरून जमावाच्या तावडीत सापडलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी कसंबसं वाचवलं.

केंद्र सरकारने कंपनीला खडसावलं. व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, पुढे पाठवलेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’चा शिक्का आणला, आणि तीन आठवड्यांच्या आत भारतापुरता नियम केला: एक निरोप एका वेळी पाचच जणांना किंवा गटांना. जानेवारी २०१९ मध्ये तोच नियम जगभर लागू झाला. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या अफवांच्या काळात, फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. इथे खरंखोटं ठरवण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. फक्त वेग कमी केला. खोट्या माहितीवरच्या आजवरच्या उपायांत हा सर्वांत कमी उद्दाम म्हणावा लागेल. पण तो सुचायला माणसं मरावी लागली.

बाकी ठिकाणी कंपन्या खरंखोटं ठरवत राहिल्या आणि तोंडघशी पडत राहिल्या. करोनाचा विषाणू मानवनिर्मित आहे, असं म्हणणाऱ्या पोस्ट काढण्याचं फेसबुकने फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरवलं. मे महिन्यात, अमेरिकी सरकारनेच तपासाचे आदेश दिले तेव्हा, ती बंदी उठली. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर जमाव चालून गेला, त्यानंतर दोन दिवसांत फेसबुक आणि ट्विटर दोघांनी मावळते राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना बाहेर काढलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये एलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर (आजचं एक्स) घेतलं आणि पुढच्याच महिन्यात ट्रम्प यांचं खातं परत आलं. ७ जानेवारी २०२५ रोजी, ट्रम्प पुन्हा पदावर येण्याच्या तेरा दिवस आधी, झुकरबर्ग यांनी अमेरिकेपुरती तथ्यतपासणी संस्थांशी असलेली सोयरीक मोडली. त्याच महिन्यात त्यांच्या कंपनीने खातं बंद केल्याबद्दलचा ट्रम्प यांचा दावा अडीच कोटी डॉलर देऊन मिटवला. न्यायालयात हा दावा टिकला असता असं मानणारे कायदेपंडित थोडेच. तत्त्वं वाऱ्याची दिशा बघून बदलतात ही तक्रार आता डावे आणि उजवे दोघंही करतात, आणि दोघांचीही रास्त आहे.

तथ्यतपासकांच्या जागी ज्या ‘कम्युनिटी नोट्स’ आणल्या, त्या मुळात मस्क यांच्या आधीच्या ट्विटरची कल्पना. वापरणाऱ्यांनीच टीप लिहायची; एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी ती उपयुक्त ठरवली तरच ती सगळ्यांना दिसते. कल्पना चतुर आहे. पण जिथे समाज दुभंगलेला, तिथे असं एकमत होईपर्यंत अफवेचं काम झालेलं असतं.

मालकावर भरवसा नसेल, तर खरंखोटं सरकारने ठरवावं का? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आला. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्राने नियम बदलले: केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे असं सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने म्हटलं, की कंपनीने तो ठेवला तर कलम ७९चं कवच जाणार. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि एडिटर्स गिल्ड यांनी आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठात फूट पडली. सरकार स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ शकत नाही, म्हणून न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नियम रद्द केला. न्यायमूर्ती नीला गोखले यांना तो वैध वाटला. तिसरं मत न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांचं. २० सप्टेंबर २०२४ रोजी ते पटेल यांच्या बाजूने पडलं आणि नियम गेला.

त्याच वर्षी १ जुलैला अमेरिकेतही निवाडा आला. कंपन्यांनी मतांवरून कुणाला काढू नये, असे कायदे टेक्सास आणि फ्लोरिडाने केले होते आणि त्यांना न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एलेना केगन यांनी बहुमताच्या निकालात १९७४च्या ‘मायामी हेरल्ड’चा आधार घेतला: कुणाची पोस्ट वर, कुणाची खाली, कुणाची मुळीच नाही, ही निवड म्हणजे कंपनीचं स्वतःचं बोलणं आहे. दोन्ही खटले फेरविचारासाठी खाली पाठवले गेले. चिकसॉचा फुटपाथ मागे पडला, संपादकाची खुर्ची पुढे आली.

आणि भारतात? गृहमंत्रालयाच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून देशभरातले अधिकारी कलम ७९च्या आधारे मजकूर काढण्याच्या सूचना धाडतात. ते बंद करावं म्हणून मस्क यांची एक्स कंपनी कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. २४ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायमूर्ती एम. नागप्रसन्न यांनी याचिका फेटाळली. अनुच्छेद १९चं स्वातंत्र्य नागरिकांचं आहे आणि ही परदेशी कंपनी नागरिक नाही, हे त्यातलं एक कारण. अमेरिकेत, स्वतःच्या देशात, जी कंपनी वक्ता ठरते, तिला बंगळुरात बोलण्याचा हक्कच सांगता आला नाही. मजकूर लिहिणाऱ्या नागरिकाला मात्र, आपली पोस्ट का गेली हे पुष्कळदा कळतही नाही. एक्सने अपील करणार असल्याचं जाहीर केलं.